फिटरचा कागद फिटरला विचारून आखा

आज शटर खाली ओढून इथं आलेल्या गॅरेजवाल्या बंधू-भगिनींनो,

नाशिकच्या सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात बोलेरो आणि स्कॉर्पिओ घडल्या. तिथंच बॉशमध्ये, जुन्या लोकांच्या मायकोत, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. कारखान्यात प्रत्येक टप्प्याची नोंद होते. तीच गाडी द्वारका, अंबड किंवा आडगाव नाक्यावरच्या आपल्या गॅरेजात आली, की तिची सगळी हकीकत मिस्त्रीच्या डोक्यात राहते. मिस्त्री गावी गेला, की हकीकतही गेली. म्हणून ती हकीकत ज्यावर लिहायची, त्या जॉब कार्डाविषयीच आज मी बोलणार आहे.

आपलं कार्ड म्हणजे बिलाची पहिली पायरी. गाडी नंबर, किलोमीटर, डिझेल किती, कुठं पोचा आहे, ग्राहकाची सही. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्यासाठी त्यात एकच ओळ असते, ‘सर्व्हिसिंग करणे’. ग्राहक सांगतो, ‘सकाळी थंडीत पांढरा धूर मारते, दुपारी काही नाही.’ काउंटरवर त्याचं ‘इंजिन चेक’ होतं आणि फिटरला लागणारा नेमका धागा तिथंच तुटतो. तक्रार ग्राहकाच्या शब्दांतच लिहा. अलीकडे तयार फॉर्म आणि ॲप मिळतात. त्यांत चौकटींची रांग असते आणि फिटर संध्याकाळी एका दमात सगळीकडे बरोबरची खूण करतो. असल्या कागदापेक्षा कोरा कागद बरा. न तपासलेलं तो तपासलेलं म्हणून तरी सांगत नाही.

कार्ड आपल्या कामातून निघालं पाहिजे. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव-निफाडकडची पिकअप भरल्या मालानिशी कसारा घाट उतरते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शिरल्यावर तो १५५च्या आसपास उतरू शकतो. उतारावर ब्रेक तापून ऑईलला उकळी फुटली, की पेडल सरळ खाली जातं. मग पिकअपच्या कार्डावर ‘ब्रेक ओके’ लिहून कसं चालेल? ऑईल कधी बदललं ती तारीख हवी. पॅडची आणि लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये हवी, डावी-उजवी वेगळी. हा आकडा लिहायचा तर चाक काढावंच लागतं. काम न करता भरता येईल अशी चौकट ठेवूच नका.

कॉमन रेलच्या बहुतेक डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला, की त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, भरावा लागतो. तेव्हा डिझेल गाडीच्या कार्डावर सिलिंडरवार कोडाची जागा हवी. स्कूटरच्या कार्डावर ती कशाला?

सगळ्यांत मोलाची चौकट अर्धवट कामाची. फिटरने चाकाचे नट हाताने लावले, तेवढ्यात दुसरी गाडी तातडीची आली, आणि हेल्परने पहिली जॅकवरून उतरवली. चाकं निखळतात ती अशी. ‘हाताने लावले, टॉर्क बाकी’ एवढं लिहिलेलं असलं आणि घट्ट करणाऱ्याची सही मागितलेली असली, तर ती गाडी गेटबाहेर जात नाही.

मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फिटरला वाटतं, हा कागद आपल्याला पकडण्यासाठी आहे. त्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या चुकीवर तुम्ही पगार कापलात, तर दुसऱ्या दिवसापासून कार्ड खोटं बोलू लागेल. ज्याला हिंदी सोपी वाटते त्याला हिंदीत लिहू द्या. कार्ड एका पानाचंच ठेवा. जी चौकट महिनाभर कोणी भरली नाही ती काढून टाका. आयटीआयमधून शिकायला येणाऱ्या पोरांना हे कार्ड वाचायला द्या. उस्तादाच्या मागं उभं राहून जे वर्षभरात दिसतं, त्यातलं पुष्कळ त्यांना तिथं लिहिलेलं सापडेल.

२०२७च्या सिंहस्थात परराज्यांतल्या गाड्या आपल्या दारात उभ्या राहतील. आधी त्यांना कोणी हात लावला हे आपल्याला कळणार नाही, आणि पुढं जो हात लावेल तो आपल्याला ओळखणार नाही. म्हणून कार्डाची एक प्रत गाडीबरोबर द्या. आणि याच आठवड्यात आपल्या सर्वांत जुन्या फिटरला आणि सर्वांत नव्या हेल्परला शेजारी बसवून आपलं कार्ड आखायला घ्या, अशी माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे.