रुग्णालयातील विद्यार्थी आणि गावचे तरुण



भुशी व आसपासच्या वाड्यांवरील एखादे मूल गंभीर आजाराने पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल झाले, की हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. तिकडे आई उशाशी बसून असते, वडील मजुरी बुडवून औषधांसाठी व कागदपत्रांसाठी फेऱ्या घालतात, आणि धाकटी भावंडे शेजाऱ्यांच्या ओसरीवर जेवतात.

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. कर्करोगाचे उपचार महिनोन् महिने चालतात. परगावच्या कुटुंबांच्या निवासासाठी तेथे नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून झटत आहे. २००६ मध्ये सेंट ज्यूड संस्थेने केवळ बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवास सुरू केला. तेथे स्वयंसेवक मुलांना शिकवितात, त्यांच्याशी खेळतात.

भुशीच्या तरुणांनी परळास जावे, असे नव्हे. पावसाळ्यात रविवारी पुण्याहून भुशीच्या धरणाकडे तरुणांची रीघ लागते. उलट दिशेच्या लोकलने गावचे दोघे तरुण निघाले, तर सुमारे दीड तासात पुणे स्थानक येते. ससून तेथून जवळच. रुग्णालयाची अनुमती घेऊन त्यांनी तासभर मुलापाशी बसावे, म्हणजे आईला अंघोळ व चार घास तरी निवांतपणे होतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी शिधापत्रिका घरी राहिली असल्यास ती पोहोचवावी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी तरुणास रक्तही देता येईल.

तथापि फळांची करंडी व छायाचित्र यांपुरती एकवारची भेट न झालेली बरी. ‘पुढच्या रविवारी येतो’ असे म्हटले, तर मूल दाराकडे डोळे लावून बसते. सर्दी-पडसे असणाऱ्याने मात्र जाऊच नये. कर्करोगावरील औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, आणि साधा संसर्गही मुलाच्या जिवावर बेततो.

असे तरुण शोधावयाचे कोठे? ते बहुधा आपलेच माजी विद्यार्थी असतात. शिक्षकाने त्यांच्यासोबत आठवड्याचा थोडका पाठ व वर्गमित्रांची पत्रे द्यावीत. दीर्घ गैरहजेरीमुळे मुलाचे नाव कमी करण्याचा विचारही करू नये. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मज्जाव केला आहे. औषधांनी गळालेले केस पुन्हा येतात, हे मूल परतण्यापूर्वीच वर्गाला सांगून ठेवावे. आणि त्याची बसण्याची जागा तोवर दुसऱ्या कोणास देऊ नये.