विम्याचा अर्ज आपल्याच तोंडून भरा

 

भुसावळ तालुक्यात गटांच्या बैठका घेत फिरताना एक प्रश्न आम्हाला सारखा ऐकू येतो. "आम्ही दोघी जावा. विमा सारख्याच रकमेचा. मग तिचा हप्ता कमी अन् माझा जास्त, असं का?" दुसरी म्हणते, "मला तर रक्त तपासायला पाठवलं. पैसे मीच भरणार, मग तपासणी कसली?" आज यावरच बोलू. जीवन विम्याचा अर्ज कंपनी कसा पारखते, ते समजून घेऊ.

आपल्या गटात कोणी कर्ज मागितलं, तर आपण लगेच पैसे मोजून देतो का? नाही. कशासाठी हवंय, मागचं फेडलं का, बैठकीला येते का, हे आधी विचारतो. कारण पैसा सगळ्यांचा असतो. विम्याचंही तसंच आहे. हजारो लोकांचे हप्ते एका पेटीत जमतात आणि ज्या घरावर वेळ येते, त्या घराला त्यातून पैसे जातात. ज्याचा धोका जास्त, त्याने पेटीत थोडं जास्त टाकायचं, असा हा हिशेब.

मग कंपनी बघते काय? पहिलं वय. वय वाढलं की हप्ता वाढतो, म्हणून वयाचा पुरावा नीट हवा. आधारवर एक जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्या. दुसरं तब्येत. उंची, वजन, रक्तदाब, साखर, आधीची ऑपरेशनं, चालू असलेल्या गोळ्या. रक्कम मोठी किंवा वय जास्त असेल, तर डॉक्टरी तपासणी होते. आई-वडील, भावंडं यांना साखर किंवा हृदयाचा आजार होता का, हेही विचारतात. तिसरं सवयी. इथे आपल्याकडे गफलत होते. अर्जात विचारलेलं असतं, तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का? बाई म्हणते, "छे, मी कुठे बिडी ओढते!" पण रोज सकाळी मिश्री लावते. मैत्रिणींनो, मिश्री म्हणजे तंबाखूच.

चौथं काम. रेल्वेच्या कचेरीत बसणारा कारकून आणि रुळांवर राबणारा गँगमन, दोघांच्या कामातला धोका एक नाही. विहिरीत उतरणारा, विजेच्या खांबावर चढणारा, रात्री ट्रक चालवणारा, यांची कंपनी वेगळी चौकशी करते. पाचवी कमाई. घरातलं कमावतं माणूस गेल्यावर जे नुकसान होतं, ते भरून काढायला विमा असतो. म्हणून कमाई थोडी आणि विमा कोटीचा मागितला, तर कंपनी हात आखडते.

कमाईच्या रकान्यात आपण बायका फार पटकन 'घरकाम' लिहून मोकळ्या होतो. स्वतःची कमाई नाही म्हटलं की कंपनी बहुधा नवऱ्याचा विमा किती आहे ते विचारते आणि आपली रक्कम त्यावर ठरते. पण तुम्ही केळीचे वेफर्स विकता, शेळ्या पाळता, शिलाई करता, ती कमाई नाही का? ती अर्जात लिहा. गटाचं पासबुक आणि व्यवसायाची वही दाखवा. बायका सरासरीने जास्त जगतात, म्हणून पुष्कळ कंपन्या त्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईला हप्ता कमी लावतात, हेही माहीत असू द्या.

हे सगळं पाहून कंपनी चारपैकी एक निर्णय देते. नेहमीच्या हप्त्यात विमा देते, किंवा जादा हप्ता लावते, किंवा थांबायला सांगते. गरोदरपणात बरेचदा 'बाळंतपण झाल्यावर या' म्हणतात. आणि चौथा निर्णय म्हणजे नकार. जादा हप्ता लागला तर कमीपणा मानू नका. कारण मात्र जरूर विचारा.

विचारायचं अशासाठी, की ही पारख नेहमी न्यायाची होती असं नाही. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल ही कंपनी निघाली. त्या काळी कंपन्या प्रामुख्याने गोऱ्या लोकांसाठी होत्या, आणि हिंदी माणसाचा विमा उतरवलाच तर जादा हप्ता घ्यायच्या. आजार असो नसो, केवळ तो हिंदी म्हणून! १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था उभी राहिली आणि तिने आपल्या लोकांना नेहमीच्याच दराने विमा दिला. पुढे १९५६ साली असे २४५ विमाधंदे एकत्र करून सरकारने आयुर्विमा महामंडळ स्थापन केलं. पारख करावी, पण खऱ्या धोक्यावरून करावी, एवढं यातून शिकायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या ओळखीच्या एका गावात एक ताई वारल्या. विमा घेऊन दोन वर्षं झाली नव्हती. साखरेच्या गोळ्या त्या आधीपासून घ्यायच्या आणि एजंटला तसं सांगितलंही होतं, असं घरचे म्हणतात. अर्जात मात्र सगळीकडे 'नाही' लिहिलेलं. खाली ताईंचा अंगठा. दवाखान्याच्या कागदांवर साखर निघाली आणि दावा नामंजूर झाला. दोन लेकरं आजीजवळ आहेत. जादा हप्ता लागला असता, पण लेकरांना आधार राहिला असता.

कायदा असा आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनी कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेऊ शकत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र खोटी किंवा लपवलेली माहिती निघाली, तर दावा नाकारता येतो. फसवणूक केली असं कंपनी म्हणाली, तर ती नव्हती हे दाखवण्याचं ओझं मागे राहिलेल्या वारसांवर येतं. आणखी एक. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं नव्याने मोजतात. आपल्याकडे पैसा केळी-कापसाच्या हंगामाला येतो. म्हणून हप्ता महिन्याचा, सहामाही की वर्षाचा, हे तो हंगाम पाहून ठरवा.

ज्यांना मोठा हप्ता झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. वर्षाला ४३६ रुपये, विमा २ लाखांचा, डॉक्टरी तपासणी नाही. १८ ते ५० वयात नाव घालता येतं आणि दरवर्षी चालू ठेवलं तर ५५ पर्यंत संरक्षण मिळतं. नवीन नाव घातल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू झाला, तर पैसे मिळत नाहीत. मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो.

तेव्हा अर्ज भरताना घाई नको. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर शिकलेली लेक, सून किंवा गटाची सचिव शेजारी बसवा. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही. "हे लिहू नका, विमा अडेल," असं कोणी म्हणालं, तर समजा की पुढे अडणार आहे तो दावा. पॉलिसी आली की सोबतची अर्जाची प्रत तपासा. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसीच पटली नाही, तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही, तर आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याला विमा लोकपाल आहे. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ गटाच्या वहीवर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापली पॉलिसी पिशवीत घालून आणावी. वसुली झाली की एकेक अर्ज मोठ्याने वाचू या. कुणाच्या अर्जात काय लिहिलंय, ते तिच्या हयातीत तिला कळू दे. नमस्कार.