रुग्णाची गरज आणि परिचारिकेची नोंद



रोगाचे निदान डॉक्टर करतात, हे आपण जाणतो. परंतु रोग एकच असला तरी दोन रुग्णांच्या गरजा सारख्या नसतात. त्या ओळखणे हे परिचारिकेचे काम होय. अमेरिकेतील परिचर्यातज्ज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या मूलभूत गरजा १४ मानल्या. श्वसन, अन्नपाणी, झोप यांच्या जोडीला आपली भीती व भावना बोलून दाखविता येणे, हीही त्यांतील एक आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात हीच गरज सर्वांत अवघड ठरते. येथे तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी व कोलामी बोलल्या जातात. उटनूरकडची गोंडी बोलणारी स्त्री अनोळखी भाषेतील प्रश्नाला भिडेपोटी मान डोलावते, आणि कागदावर ‘तक्रार नाही’ असे उमटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच बजावले होते की, रात्र बरी गेली का, असे विचारू नये. किती तास व केव्हा झोप लागली, ते विचारावे.

गोंड, प्रधान, कोलाम या समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचेच पाहा. वेदना असह्य असतात. वरून मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. तेव्हा परिचारिकेने कूस बदलताना आखडणारे अंग पाहावे, श्वास मोजावेत, पोटात गेलेले पाणी व झालेली लघवी मापून तक्त्यात लिहावी. ‘रुग्णास बरे नाही’ ही नोंद निरुपयोगी होय. ‘रात्री २ वाजता दोन्ही गुडघ्यांत तीव्र वेदना, पाणी नाकारले, डॉक्टरांना कळविले, औषधानंतर अर्ध्या तासाने वेदना कमी’, ही खरी नोंद. पाळी बदलली की नव्या परिचारिकेला रात्रीची हकीकत सांगणारा हा कागदच असतो.

दुभाषा कोण होता, हेही लिहावे. शाळकरी मुलाला आईच्या खाजगी दुखण्याचा दुभाषा करणे मला तरी योग्य वाटत नाही. गावची आशा कार्यकर्ती किंवा गोंडी जाणणारी शिक्षिका अधिक बरी. अधिकाऱ्यांनी अशा व्यक्तींची नावे रुग्णालयात देऊन ठेवावीत.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीनंतर कार्ड मिळते. रुग्णालयात जाताना ते कार्ड व जुने कागद बरोबर न्यावेत. रुग्णाची भाषा, चालू औषधे आणि आदल्या दिवसापासूनचे खाणेपिणे परिचारिकेला आपण होऊन सांगावे.