मंडळीतील मैत्री



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मंडळी' एवढाच शब्द सांगितला. ते म्हणाले, "कोणती मंडळी? घरची, की नाटकाची?" प्रश्न रास्त होता. मराठीत या एका शब्दाचा संसार मोठा आहे. जुन्या पिढीतील गृहस्थ पत्नीचे नाव घेत नसत. 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणत. नाटक मंडळी असते, भजनी मंडळी असते, आणि समोर बसलेली आपण तर श्रोते मंडळी आहांतच. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मराठी बायबलातही हाच शब्द आहे. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा आणि घंटा येते. आमच्या शास्त्रात मात्र ती माणसे आहेत, आणि म्हणून त्यांचे नाव मंडळी. इमारत पडली तर ती पुन्हा बांधता येते. माणसे पांगली म्हणजे मात्र कठीण.

तेव्हा आज त्या माणसांविषयी बोलावयाचे आहे. ती एकत्र कशी राहतात, एकमेकांची मित्र कशी होतात, आणि एकाच बाकावर वीस वर्षे शेजारी बसूनही कधीकधी मित्र का होत नाहीत, हे सांगावयाचे आहे. आमचा धर्म इतरांपेक्षा चांगला कसा, हे सांगण्यास आम्ही येथे आलो नाही. शिवाय आमच्या मंडळीत सारे गोडच आहे असे आम्ही म्हटले, तर मागच्या रांगेत आमचीच चार माणसे बसली आहेत, त्यांना हसू आवरणार नाही.

थोडे मागे जाऊ. अहमदनगरला, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तेथूनच 1842 साली 'ज्ञानोदय' निघाले. त्या काळी ज्याने बाप्तिस्मा घेतला, त्याचे काय गेले याचा हिशेब करून पाहा. वडिलोपार्जित इस्टेट गेली म्हणावे, तर 1850 साली सरकारने कायदा करून धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला. पण कायद्याने शेताचा वाटा मिळतो, पंगतीतले पान मिळत नाही. लेकीला स्थळ सांगून येत नाही. दारात कुणी बसावयास येत नाही. आणि सर्वांत मोठी चिंता म्हणजे उद्या डोळे मिटले तर खांदा कोण देणार? जातीच्या माणसाला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण जात ही त्याची उपजत सोय असते. या माणसांना ती सोय नव्या हातांनी बांधावी लागली. पंगत, सोयरीक, खांदा, हे सारे मंडळीकडून यावयाचे होते. आमच्याकडे प्रीतिभोजन म्हणून प्रकार आहे. वरून पाहता ती सणाची साधी जेवणावळ, पण पहिल्या पिढीला त्या पानाचे मोल काय वाटले असेल, ते आज आम्हांलाही नीट कळत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जात वेशीबाहेर ठेवून सगळे आत आले, असे झाले नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली माणसे पुष्कळ होती. ब्राह्मण वगैरे थोडी. एका पेल्यातून प्रभुभोजन घेणारी ही माणसे घरी सोयरीक करताना मात्र कैक वर्षे जुनाच धागा शोधीत राहिली. कोठे कोठे अजूनही शोधतात. एकत्र उपासना करणे सोपे आहे. एकमेकांच्या स्वयंपाकघरात जाणे त्याहून अवघड आहे.

स्वयंपाकघर म्हटले की लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणारच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि काही वर्षे नवऱ्यापासून दूर, आपल्या माणसांत राहिल्या. पुढे दोघे एकत्र आली तरी बाईंचे सोवळे चालूच होते. 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचले असेल. त्या पुस्तकाला कोणा एका समाजाचे म्हणण्याची आता सोय राहिलेली नाही. आमचा मुद्दा एवढाच की त्या बाईंना कोणी वादात जिंकले नाही. टिळकांसारखा वक्ता घरात असून वक्तृत्वाचा उपयोग झाला नाही. नगरच्या त्या वस्तीत शेजारपाजारच्या बायका आल्या, दुखणीबाणी झाली, अनाथ पोरे घरात आली, आणि हाताला काम लागले. कामाने सोवळे सुटत गेले, विचार त्याच्या बरोबरीने आला.

याच घराची दुसरी गोष्ट. 1907 साली जळगावास महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन भरले. तेथे ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पुढे आला. तेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी आणले. मुलगा हिंदू, घर ख्रिस्ती, आणि काळ असा की एवढ्यावरून गावात काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करावी. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागविले. त्यांचे रुसवेफुगवे काढले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. व्हावयास हवे होते, असे म्हणणारे आमच्यात तेव्हाही असतील. पण 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा या ख्रिस्ती घरातले एक माणूस गेले होते. ज्या मंडळीचे दार फक्त आतल्यांसाठी उघडते, तिच्यात आतल्यांचीही मैत्री फार दिवस टिकत नाही, अशी आमची समजूत आहे. चूक असेल तर भाषणानंतर कान धरावा.

टिळकांना हे आमच्या आधी, आणि आमच्याहून फार खोलवर, कळले होते. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याहून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात एकत्र बसावेत, अशी ती योजना होती. कल्पना मोठी खरी. पण 9 मे 1919 रोजी टिळक गेले, आणि त्यांच्या मागे दरबार वाढला नाही. आम्हांला वाटते, त्या दरबारात प्रत्येकाची मैत्री टिळकांशी होती. एकमेकांशी व्हावयास वेळच मिळाला नाही. चाकाच्या साऱ्या आऱ्या तुंब्यात बसलेल्या, पण धाव चढवायची राहून गेली होती. आजही एखादा चांगला पाळक बदलून गेला की अर्धी मंडळी ओस पडते, त्याचे कारण हेच असते.

मग माणसांची एकमेकांशी मैत्री कशाने होते? प्रवचनाने होत नाही. प्रवचन ऐकताना सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात. आमचा अनुभव असा की मैत्री कांदे चिरताना होते. प्रीतिभोजनाच्या आदल्या रात्री दहा-बारा जण विळ्या आणि सुऱ्या घेऊन बसतात. मामलेदार कचेरीतला कारकून, एक गवंडी, एक निवृत्त शिक्षिका, कॉलेजातला पोर, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत असते, आणि त्या पाण्याआड कधीकधी खरेही रडून घेता येते. सुगीच्या सणाला लोक शेतातले, परसातले, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि मग त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांचा नारळ पाचशेला जातो. घेणारा तो नारळ पुन्हा लिलावात देतो. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण त्या दिवशी एका विधवा बाईने आणलेल्या चार लिंबांवर सगळा गाव चढाओढ करतो, तेव्हा त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहावे. महिला मंडळाच्या प्रार्थनासभा पाळीपाळीने घरोघर होतात. प्रार्थना अर्धा तास, चहापोहे दीड तास. पूर्वी आम्ही या प्रमाणाची थट्टा करीत असू. आता करीत नाही.

थट्टा कशी थांबली, ते सांगितले पाहिजे. त्यात आमची स्वतःची चूक आहे.

आमच्या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ पेटी वाजवीत. आमच्याकडील पेटीचे महत्त्व आपणांस ठाऊक नसेल. सुरुवातीच्या काळी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवरच गायिली जात. मराठी जिभेला ती जडच जात असत. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, टिळकांनी अभंग आणि पदे दिली, आणि मंदिरात टाळ, तबला, पेटी आली. 'उपासना संगीत' हे आमचे गीतांचे पुस्तक. त्यात टिळकांची गीते आजही आहेत. या गृहस्थांना त्यातील किती चाली पाठ होत्या कोण जाणे. कित्येक गीतांच्या दोन दोन चाली ते जाणत. एक नगरकडची, दुसरी आणखी कुठली.

काही वर्षांपूर्वी तरुण संघाने वर्गणी काढून विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. मुले हौशी, वाजवणारा मुलगा तयारीचा. पंच कमिटीत विषय आला, आणि त्या कमिटीत आम्ही होतो. कीबोर्ड घ्यावा, असा ठराव झाला. पेटी काढावी, असा ठराव कोणी मांडला नाही. ती आपोआपच कोपऱ्यात गेली. गृहस्थांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पहिले काही रविवार ते तिसऱ्या बाकावर बसले. मग एक रविवार आले नाहीत, मग दोन. पावसाळा होता; गुडघे दुखत असतील, असे आम्ही म्हटले. मंडळीचा मोबाईलवर गट आहे. त्यात त्यांच्या वाढदिवसाला सत्तर-ऐंशी शुभेच्छा आल्या, फुलांची चित्रे आली. आम्हीही एक गुलाब पाठविला. माणूस मात्र कोणी गेले नाही. असे आठ महिने गेले.

शेवटी गेलो तेही शोकाने नव्हे. महिला मंडळाच्या सभेची पाळी त्यांच्या गल्लीत आली होती, आणि घरच्या मंडळींनी आम्हांस बजावले की परत येताना त्यांना भेटल्यावाचून येऊ नका. त्यांनी दार उघडले, चहा टाकला, आमच्या मुलाबाळांची नावे घेऊन चौकशी केली. आम्ही विचारले, "देवळात दिसत नाही आपण?" ते म्हणाले, "येऊन काय करू?"

त्यांचा देवावर राग नव्हता, कीबोर्डवाल्या मुलावर तर नव्हताच. "पोराचा हात चांगला आहे, फक्त ठाय लयीत घाई करतो," असे ते म्हणाले. त्यांचे काम काढून घेतले होते, आणि काम गेल्यावर बसावयाचे कोठे हे त्यांना कळत नव्हते. चाळीस वर्षे ते लोकांसमोर तोंड करून बसले होते. तिसऱ्या बाकावरून फक्त पाठी दिसतात. त्या दिवशी आम्हांला उमगले की मंडळीत येत राहा, येत राहा, असे आम्ही सर्वांना सांगत होतो, पण येणाऱ्याच्या हातात काय द्यावयाचे याचा विचार आमच्या कमिटीच्या एकाही बैठकीत झाला नव्हता. आणि मैत्रीचे म्हणाल, तर चाळीस वर्षे ते आमचे मित्र आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्या घराची पायरी मात्र आम्ही त्याआधी चढलो होतो ती त्यांच्या पत्नीच्या अंत्यविधीला.

ते लगेच परत आले, असे समजू नका. पहिल्यांदा आमंत्रण दिले तेव्हा नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही. त्यांचे म्हणणे, "दया म्हणून पेटी वाजवणार नाही." बरोबर होते. मग शब्बाथशाळेतल्या दोन मुलींना पेटी शिकावयाची होती, त्यांना घेऊन आम्ही गेलो. तेथे दयेचा प्रश्न नव्हता. मुलींना खरोखरच काही येत नव्हते. त्या शनिवारी शिकू लागल्या. कीबोर्डवाला मुलगा एकदा त्यांना सोडावयास म्हणून गेला आणि दोन तास बसून आला. गृहस्थ आता रविवारी येतात. सगळे रविवार नाही. गुडघे खरोखरच दुखतात.

त्यांच्यापाशी एक जुनी वही आहे. तिच्यात चालींच्या खुणा आहेत, त्या त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. येत्या शनिवारी त्या आम्ही लिहून घ्यावयास बसणार आहोत. तरुण संघातील दोघे बरोबर आहेत. एकजण ध्वनिमुद्रण करणार आहे. आपल्यापैकी कोणाला अभंगांच्या जुन्या चालींची आवड असेल, तर तो ख्रिस्ती असण्याची मुळीच गरज नाही. पेटीशेजारी सतरंजीवर जागा आहे, आणि चहा ते स्वतः करतात. पत्ता आमच्याकडून घ्यावा.