दुरुस्तीच्या मेजाशी बसणार कोण?

वाणगावपासून तारापूरचे अणुवीज केंद्र फार दूर नाही. १९६९ साली तेथे व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. या पट्ट्यातील कामगार दिवसभर यंत्रे चालवतो. मात्र घरचा मिक्सर बंद पडला की तो उघडून पाहणे हे आपले काम नव्हे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत आपोआप झालेली नाही. विशिष्ट हत्यारानेच निघणारे स्क्रू, चिकटवून टाकलेली झाकणे आणि बाजारात न मिळणारे सुटे भाग यांनी ती घडवली आहे.

आम्स्टरडॅमला २००९ साली मार्टिन पोस्टमा यांनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. वस्तूचा मालक कारागिराशेजारी बसून स्वतः काम करू लागतो, हे त्याचे मर्म. अर्थात हाताने काम करीत शिकण्याचा विचार काही परका नाही. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ सालीच त्यासाठी काढला होता.

वाणगावात असे दालन उभारायचे तर मेज भिंतीला टेकवून चालणार नाही. दोन्ही बाजूंना बसता आले, तरच मालक नुसता प्रेक्षक राहणार नाही. मेजावर रबरी चटई, वर भरपूर उजेड, सोल्डरिंगचा धूर बाहेर फेकणारा पंखा, नीट केलेले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा. संशयास्पद वस्तू प्रथम सिरीज दिव्यावर लावावी. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि अनर्थ टळतो. मायक्रोवेव्ह मात्र नवशिक्याच्या हाती देऊ नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. दालनाची वेळ, अर्थातच, पाळी सुटल्यानंतरची.

खरा प्रश्न पुढेच आहे. आम्स्टरडॅमच्या स्वयंसेवकाचे पोट त्या दुरुस्तीवर अवलंबून नव्हते. येथे बाजारपेठेत सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेल्या माणसाची चूल त्यावरच पेटते. त्याच्या शेजारी फुकट दुरुस्तीचा मांडव घालणे म्हणजे परोपकाराच्या नावाने त्याची मजुरी बुडवणे होय. म्हणून त्यालाच दालनाचा शिक्षक नेमावे आणि त्याच्या तासांचे वेतन ग्रामपंचायतीने द्यावे. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. पण वस्तू भंगारात जाण्याआधी सुटे भाग व सर्किटचे आराखडे या शिक्षकाच्या हाती पडावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता लावून धरली पाहिजे.