विरजण का लागले नाही?



बावड्यासारख्या ऊस आणि दूध पिकविणाऱ्या गावात माता-भगिनींना विरजणाविषयी सांगणे म्हणजे गंगेकाठी राहणाऱ्यास पाण्याची ओळख करून देण्यासारखे आहे. तथापि एक अनुभव पुष्कळ घरांतून येतो. दूध चांगले, विरजण ताजे, उबाही पुरेसा. तरी सकाळी झाकण काढावे तो भांड्यात दूध ते दूधच! थंडीला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण कित्येकदा कारण स्वयंपाकघरात नसून गोठ्यात असते.

विरजण म्हणजे जिवंत जिवाणूंची वस्ती. कोमट दुधात चमचाभर दही घातले की हे जिवाणू दुधातील शर्करेवर जगतात, वाढतात आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्या आम्लाने दुधातील प्रथिने साकळतात, तेच दही. आता गाईला कासदाह झाला, तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले आणि त्याच दिवसांतील दूध घरी ठेवले किंवा संकलन केंद्रावर घातले, तर औषधाचा अंश दुधात उतरतो. रोगजंतूंबरोबर विरजणाचे जिवाणूही त्याला बळी पडतात. पेनिसिलिन तर त्यांना विशेष घातक. दूध उकळले म्हणजे हे औषध निघून जाते, हा समजही खरा नाही.

जे भांड्यात घडते तेच पोटातही घडू शकते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू नांदत असतात. ते न पचलेल्या अन्नाचे विघटन करतात, काही जीवनसत्त्वे निर्माण करतात, अपायकारक जंतूंना पाय रोवू देत नाहीत. साध्या सर्दीला प्रतिजैविकाची गोळी घेणारा मनुष्य हे घर स्वहस्ते विस्कटतो. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर त्या गोळीचा परिणाम शून्य!

रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1907 साली आंबविलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. आपल्याकडे चरकसंहितेने ग्रहणी व अर्श या विकारांत ताक सांगितलेलेच आहे. त्याचा अभिमान अवश्य असावा. पण त्यावरून आपल्या पूर्वजांना सूक्ष्मजीवशास्त्र अवगत होते, असे म्हणणे हा त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव नव्हे.

जाहिरातींतून गाजणाऱ्या ‘प्रोबायोटिक’ शब्दाचा अर्थही नेमका आहे. पुरेशा संख्येने जिवंत घेतले असता आरोग्यास ज्यांचा लाभ सिद्ध झाला आहे, असे जिवाणू. घरचे दही पौष्टिक आहे, दूध न पचणाऱ्या अनेकांना ते पचते. पण प्रत्येक दही औषध नव्हे. आणि कढी उकळली की ती रुचकर राहते, जिवाणू मात्र राहत नाहीत.

योग्य जिवाणू निवडला तर काय होऊ शकते, हे ओडिशातील ग्रामीण भागात दिसले. तेथे 149 गावांतील 4,556 नवजात अर्भकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2017 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिलेल्या बालकांत रक्तातील जंतुसंसर्ग वा मृत्यू यांचे प्रमाण 5.4 टक्के, तर इतरांत 9 टक्के आढळले. ही बालके पुरेशा वजनाची होती, जिवाणू पारखलेला होता, मात्रा ठरलेली होती. म्हणून कोणी तान्ह्या बाळास घरचे ताक चाटवू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळास तर असे जिवाणू धोक्याचेही ठरू शकतात.

पुन्हा गोठ्याकडे वळू. औषधानंतर किती दिवस दूध बाजूला काढायचे, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. पशुवैद्यांनाही विचारता येते. दोन गाईंवर संसार चालविणाऱ्याला ते दूध ओतून देणे जड जाते, हे खरेच. पण एका गाईचे औषधमिश्रित दूध कॅनमध्ये आणि कॅन टँकरमध्ये गेला की साऱ्या गावाचे दूध त्यात मिसळते. त्यापेक्षा कासदाह होऊच न देणे स्वस्त पडते : धारेपूर्वी कास स्वच्छ व कोरडी करावी, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि गाय लगेच बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी. सडांची तोंडे मिटायला अर्धा तास तरी लागतो.