केनियाचं नागरिकत्व

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तिथल्या अनेक भारतीय वंशाच्या कुटुंबांना नागरिकत्वाचा अर्ज करायला दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टच हाताशी ठेवला.

आजचे मूळ नियम २०१० च्या राज्यघटनेतले. आई किंवा वडील केनियन असले, की मूल जन्मानं नागरिक. मग ते जन्मलेलं कुठंही असो. केनियन व्यक्तीशी लग्नाला सात वर्षं झाली, की नोंदणीचा हक्क मिळतो. सात वर्षं सलग, कायदेशीर राहिलेल्यालाही अर्ज करता येतो; मात्र स्वाहिली किंवा एखादी स्थानिक बोली समजायला हवी. मला सगळ्यात भावतं ते वेगळंच कलम. आठ वर्षांखालचं वाटणारं, आईबापांचा ठावठिकाणा नसलेलं मूल केनियात सापडलं, तर ते जन्मानं नागरिकच मानतात. जन्मदाखला नसला तरी!

केनियाला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. नैरोबीत स्थिरावलेल्या मराठी माणसानं स्वेच्छेनं केनियाचं नागरिकत्व घेतलं, तर भारताचं आपोआप संपतं. तेव्हा अर्ज भरण्याआधी घरच्यांशी नीट बोलून घ्या.